रोमन मोहरा आणि आमच्या पुतळ्या

जालना जिल्ह्यांतील वडीगोद्री हें गोदावरीच्या खोऱ्यांतील गांव. त्याच्या पश्चिमेस पैठण, दक्षिणेस दूर तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत हीं दोन्ही नगरें आलीं आहेत. भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर पैठण, तेथून १० दिवसांवर तगर, म्हणजे तेर. पैठणचे गोमेद व तगरचें कापड गाड्यांतून भडोचेस जाई, आणि तेथें रोमन सोन्यारुप्याचीं नाणीं उतरत. हिंदुस्थान दरसाल पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही प्लिनीची तक्रार वाचकांस ठाऊक असेलच.

मग हें सोनें गेलें कोठें? सातवाहनांनीं शिसें, तांबें, मिश्रधातु व पुढें रुपें यांचीं नाणीं पाडलीं. सोन्याचें नाणें त्यांच्या नांवावर नाहीं. नाशिकच्या लेण्यांत उषवदातानें ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा भाव मात्र कोरून ठेविला आहे. हा सुवर्ण रोमन कीं कुशाण, याविषयीं विद्वानांत वाद आहे. रोमन मोहरांचे मोठे सांठे सांपडले ते दक्षिणेंत. १८९८ सालीं पुदुकोट्टै संस्थानांत मिळालेल्या ५०१ मोहरांपैकीं बहुतेकींवर सम्राटाच्या मुखावरच छिन्नीचा घाव आहे. एवढें मोलाचें सोनें, पण मुखाची भीडभाड नाहीं!

ऑगस्टसच्या एका मोहरेवर ढालीभाले घेऊन उभे असलेले गायस व लुसियस हे त्याचे दत्तक पुत्र आहेत. टायबेरियसच्या मोहरेवर हातांत भाला व डहाळी घेऊन बसलेली स्त्री. रोमन मनुष्यास पहिलें चित्र वारसांची द्वाही वाटे. आमच्या लोकांस तें काय वाटलें? तेर येथें व तेलंगणांतील कोंडापुरास रोमन नाण्यांच्या धर्तीच्या मातीच्या चकत्या सांपडल्या आहेत. त्यांस ओवण्यासाठीं कडी किंवा भोंक असतें. ज्यास सोनें परवडलें नाहीं, त्यानें तो परका मुखवटा मातींत उमटवून गळ्यांत घातला असावा, असें आम्हांस वाटतें. सम्राटाचें नांव त्यास ठाऊक असण्याचें कारण नव्हतें.

हीच तऱ्हा पुढें पुतळीची झाली. व्हेनिसच्या डुकाटावर संत मार्कापुढें गुडघे टेकलेला तेथील अधिपति असे. आमच्या आज्यांनीं त्या जोडींत रामसीता पाहिलीं आणि ती माळेंत ओवून देवघरांत मिरविली. मागणी वाढतांच येथील सोनारांनीं पुतळ्या घडविण्यास प्रारंभ केला. त्यांच्या हातीं लॅटिन अक्षरांच्या नुसत्या उभ्याआडव्या रेघा उरल्या.