सायकलच्या पावसाळी पॅनिअरची कुळकथा

सायकलच्या कॅरिअरला मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांनी अडकवायच्या पिशव्यांना पॅनिअर म्हणतात. त्यांच्यामुळे ओझे चाकाच्या आसाजवळ खाली येते, दोन बाजूंना सारखे वाटले जाते आणि चालवणाऱ्याची पाठ मोकळी राहते. रोज कचेरीत जाणाऱ्याला आणि येताना बाजार करणाऱ्याला याहून सोयीची रचना नाही. मात्र रत्नागिरीत पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. शिवाय तो सरळ पडत नाही, समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो. खालून मागचे चाक जांभ्याचे तांबडे पाणी उडवत असते. त्यामुळे इथे पॅनिअर वरून, बाजूने आणि खालून, तिन्हीकडून भिजते. ही पिशवी दोन घराण्यांतून आली. एक घराणे ओझे दुतर्फा लादण्याचे, दुसरे पाणी अडवण्याचे. कोकणात दोन्ही जुनी आहेत, पण त्यांची सोयरीक जुळायला सायकल यावी लागली.

पहिल्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे बैलाच्या पाठीवरची गोणी. गाडीरस्ते होण्यापूर्वी देश आणि कोकण यांच्यातला व्यापार लमाणांच्या तांड्यांवर चाले. आंबा, कुंभार्ली यांसारख्या घाटांतून धान्य आणि गूळ खाली उतरे. राजापूर, रत्नागिरी, चिपळूणकडून मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर जाई. बैलाच्या पाठीवर गोणी आडवी टाकलेली असे आणि तिचे दोन भाग दोन्ही कुशींवर लोंबत. एका अंगाला माल जास्त भरला तर घाटाच्या चढणीत गोणी सरके आणि बैलाची पाठ सोलून निघे. म्हणून दोन्ही बाजू जोखून भरण्याकडे लक्ष द्यावे लागे. घोड्यावरची खुर्जी आणि माणसाच्या खांद्यावरून पुढेमागे लोंबणारी पडशी याच कुळातली. आजच्या पॅनिअरचे पहिले तीन गुण इथेच तयार झालेले दिसतात: वजन दुतर्फा, वजन समसमान आणि वजन खाली.

चौथा गुण, म्हणजे पाण्यापासून राखण, त्या गोणीला कधी लागलाच नाही. पावसाळ्यात घाटातल्या पायवाटा निसरड्या होत, नद्यांना उतार राहत नसे आणि तांडे कुठेतरी मुक्काम धरून बसत. बंदरांतली गलबतेही नारळी पौर्णिमेपर्यंत हालत नसत. माल पावसात निघतच नसल्याने गोणी पाऊसबंद करण्याचा प्रश्न कोणापुढे आला नाही. तागाअंबाडीच्या सुताची जाड, विरळ वीण त्या कामाला पुरेशी होती.

पावसात माणूस मात्र बाहेर पडे, कारण भाताची लावणी त्याच दिवसांत करायची असते. त्यामुळे पाणी अडवण्याची कोकणी कला मालासाठी नव्हे, तर अंगासाठी वाढली. इरले हा तिचा सर्वांत सुंदर नमुना. बांबूच्या काड्यांच्या जाळीत रुंद पाने थरावर थर बसवलेली असतात आणि डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाठ झाकली जाते. वाकून लावणी करणाऱ्याचे दोन्ही हात मोकळे राहतात. इरल्यात पाणी अडते ते पानांच्या जाडीमुळे नव्हे, रचनेमुळे. वरचे पान खालच्यावर चढलेले असल्याने थेंबाला आत वळायला वाटच मिळत नाही. घरांच्या ओटीपुढे बांधल्या जाणाऱ्या माडाच्या झापांच्या झडीतही हेच तत्त्व आहे. धनगराच्या घोंगडीची युक्ती वेगळी. तिची दाट, राठ लोकर भिजली की फुगते आणि वीण आवळून येते. जाड सुती कॅनव्हासही असाच भिजून घट्ट होतो. पण दोहोंनाही एक खोड आहे. आतून काही टेकले किंवा दाबले गेले की नेमक्या त्या जागी पाणी पाझरते. वह्या, कपडे आणि डबा ठासून भरलेल्या पिशवीत तर प्रत्येक वस्तू कापडाला टेकलेलीच असते.

मेण किंवा जवसाचे तेल चढवलेले मेणकापड त्यामानाने बरे, पण ते उन्हाने चिकट होते आणि घडीवर तडकते. या अडचणीतून पहिली मोठी वाट काढली स्कॉटलंडने. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉश यांनी 1823 मध्ये पेटंट घेतले. कोळशाच्या डांबरातून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवून ते दोन कापडांच्या मध्ये चिकटवण्याची ही पद्धत होती. कापडातून पाणी जाणे थांबले, तरी कोट गळतच राहिले. शिंप्याच्या सुईने पाडलेल्या प्रत्येक भोकातून पाणी आत येई. शिवाय थंडीत ते रबर कडक होई आणि उष्णतेत पाघळे. गंधकाबरोबर रबर तापवून पक्के करण्याची क्रिया 1840 च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये टॉमस हॅन्कॉक यांनी पेटंटबद्ध केली, तेव्हा हा दुसरा दोष गेला. भारतात रबरी कापड घरोघर पोचवले ते सुरेंद्रमोहन बोस यांनी 1920 मध्ये बंगालमध्ये सुरू केलेल्या उद्योगाने. त्या कारखान्याचे ‘डकबॅक’ रेनकोट महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांनी वापरले. शिवणीचा दोष मात्र तसाच राहिला, आणि पॅनिअरच्या पुढच्या साऱ्या इतिहासात तोच कळीचा ठरला.

सायकलसाठीच्या पॅनिअरचे पहिले पेटंट 1884 चे, न्यू जर्सीतल्या कॅमडेन गावच्या जॉन बी. वुड यांचे. त्यानंतर वर्षभरात, 1885 मध्ये, इंग्लंडच्या जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ सायकल आली. दोन जवळजवळ सारखी चाके आणि साखळीने फिरणारे मागचे चाक ही आजची घडण तिथून रूढ झाली. ओझे लादायला मागचे चाक मोकळे मिळाले तेही तेव्हापासून.

भारतात आधी विलायती सायकली आल्या. पुढे मुंबईत वरळीला 1939 मध्ये हिंद सायकल्स आणि लुधियान्यात 1956 मध्ये हीरो सायकल्स सुरू झाली. भक्कम कॅरिअरची काळी सायकल शिक्षक, कारकून, पोस्टमन अशा सगळ्यांची झाली. पॅनिअर मात्र तिच्याबरोबर आले नाही. बाजाराची पिशवी हँडलला लटकली आणि दप्तर कॅरिअरच्या चापात अडकले. हँडलची पिशवी उतारावर झोके घेते आणि पुढच्या चाकात जाते. मारुती मंदिराकडून खाली बंदराच्या दिशेने उतरणाऱ्या रत्नागिरीच्या रस्त्यांवर ही सवय धोक्याचीच.

दुतर्फा ओझ्याची रीत इथे सायकलवर आणली ती धंदेवाल्यांनी. दूधवाल्याने कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे बसवून किटल्या टांगल्या. घट्ट झाकणाची, बिनशिवणीची, चढावर न डचमळणारी ही किटली म्हणजे आपल्याकडचे पहिले खरे पाऊसबंद पॅनिअर. आतले दूध सांडू नये म्हणून ती तशी घडवलेली होती, त्यामुळे बाहेरचे पाणीही आपोआप अडले. गोव्यात पाव घेऊन फिरणारा पोदेर कॅरिअरवर बांबूची मोठी टोपली बांधतो आणि पावसाळ्यात तिच्यावर प्लास्टिक अंथरतो. तिथे टोपली ओझे सांभाळते आणि प्लास्टिक पाणी, म्हणजे दोन घराणी एका सायकलवर बसली तरी अजून वेगवेगळी.

घरगुती सायकलस्वारानेही तेच केले. कापडी किंवा रेक्झिनची पिशवी आणि तिच्या आत पातळ प्लास्टिकची पिशवी, हा अनेक वर्षांचा कोकणी तोडगा होता. 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आली. ती योग्यच होती, कारण त्या पिशव्या पऱ्ह्यांतून वाहत थेट समुद्रात जात. पण कापडी पिशवी घेऊन पावसात बाजारात निघालेल्या माणसाचे आतले अस्तर तिने काढून घेतले, आणि टिकाऊ पाऊसबंद पिशवीची गरज पहिल्यांदाच उघडी पडली.

तोवर जगात ती तयार झालेली होती. अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीतल्या वाल्डो सेमन यांनी 1926 मध्ये पीव्हीसी मऊ आणि लवचीक करण्याची रीत शोधली. पुढे पॉलिस्टरच्या विणीवर पीव्हीसीचा लेप देऊन ट्रकवरच्या जाड ताडपत्र्या होऊ लागल्या. जर्मनीचे हार्टमुट ऑर्टलीब 1981 मध्ये दक्षिण इंग्लंडमध्ये सायकलवर फिरत असताना पावसाने त्यांचे सगळे सामान भिजले. शेजारून जाणाऱ्या ट्रकवरचा माल मात्र ताडपत्रीखाली कोरडा होता. घरी परतून त्यांनी आईच्या शिवणयंत्रावर ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या आणि 1982 मध्ये कंपनी काढली. कापड पक्के होते, तरी सुईची भोके मॅकिंटॉशच्या काळातलीच राहिली. ती बुजली उच्च वारंवारतेच्या वेल्डिंगने. साधारण 27 मेगाहर्ट्झच्या विद्युतक्षेत्रात पीव्हीसीचे रेणू वेगाने हलतात आणि पदार्थ आतूनच तापतो. वरून दाब दिला की दोन थर वितळून एकजीव होतात. सुई नाही, दोरा नाही, भोकही नाही. घरावर घालायची नेहमीची निळी ताडपत्री पॉलिथीनची असते. तिच्यावर या क्षेत्राचा परिणाम होत नाही, म्हणून तिची पिशवी अशी जोडता येत नाही.

तोंडाचा प्रश्न गुंडाळीने सुटला. पिशवीच्या काठाला ताठ पट्टी असते. हवा काढून ती तीन-चार वेळा गुंडाळायची आणि दोन्ही टोके बकलाने अडकवायची. थरावर थर चढवून पाण्याची वाट बंद करण्याचे हे तत्त्व इरल्याचेच आहे.

या पिशवीचा कच्चा माल रत्नागिरीच्या अंगणात तयार होतो. पावस गावाच्या वाटेवर गोळप-रनपार भागात फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसी कारखाना 1994 पासून आहे. तिथली राळ मुख्यतः पाइपांसाठी जाते. पीव्हीसीत क्लोरीन असते आणि ते नीट जाळता वा कुजवता येत नाही, हा आक्षेप खरा आहे. त्यामुळे काही उत्पादक आता पॉलियुरेथेनचा लेप वापरतात. मात्र त्याचा हलका प्रकार कोकणच्या दमट उष्ण हवेत काही वर्षांत चिकट होऊन सुटू लागतो. दहा वर्षे टिकणारी पिशवी हवी असेल तर इथे जाड लेपाचीच घ्यावी.

निवड करताना कापडाच्या जाहिरातीपेक्षा शिवण, तोंड आणि आकडा पाहावा. शिवलेल्या पिशवीवर नुसती टोपी देणारे सोपे पॅनिअर लहान सरीला पुरते, आषाढातल्या पावसाला नाही. चेन असलेले तर टाळावेच, कारण खारी हवा आणि तांबडी माती तिला वर्षभरात जाम करते. पिशवीवर आयपी क्रमांक असेल तर त्यातला दुसरा अंक पाण्याचा. 4 म्हणजे सर्व बाजूंनी उडणारे पाणी अडते, 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही आत पाणी जात नाही. रस्त्यावरच्या वापराला चांगले 4 पुरते. आकडे बहुधा 8 ते 16 मिलिमीटर जाडीच्या गोल दांड्यांसाठी असतात. जुन्या देशी कॅरिअरच्या चपट्या पट्टीवर ते बसत नाहीत. तिथे कॅरिअरवरून आडवी टाकून पट्ट्यांनी बांधायची जोडपिशवी, म्हणजे गोणीचीच घडण, जास्त भरवशाची. पेडल मारताना टाच पिशवीला घासते का, हेही बसून पाहावे.

मासळी आणि ओली भाजी एका पिशवीत, कागद आणि कपडे दुसरीत, असा नेम ठेवावा. बाहेरचे पाणी आत न सोडणारी पिशवी मासळीचे पाणीही आतच ठेवते. ती नुसती धुऊन घेतली की झाले. भिजलेला रेनकोट मात्र बंद पिशवीत कोंबू नये, बाहेर पट्ट्याखाली ठेवावा, नाहीतर आतले सारे दमट होऊन बुरशी धरते.

विकत घेण्यापूर्वी दुकानदाराला विचारून पिशवीत अर्धी बादली पाणी ओतावे आणि ती पाच मिनिटे टांगून ठेवावी. खालच्या जोडावर थेंब दिसले तर, किंमत कितीही असो, ती घेऊ नये.