बँकेच्या शब्दांची वंशावळ

आमच्या गावाकडचे एक वडीलधारे आप्त एके दिवशी माझ्याकडे आले. हातात बँकेचे पाकीट आणि चेहरा उतरलेला. शेजाऱ्याच्या कर्जाच्या कागदावर त्यांनी सही केली होती. "साक्षीदार म्हणून," असे ते म्हणाले. कागदावर शब्द होता 'गॅरेंटर'. म्हणजे जामीनदार! शेजाऱ्याने हप्ते थकवले आणि नोटीस आली ती यांच्या नावाने. मी पडलो इतिहासाचा मास्तर. कायद्यासाठी त्यांना वकिलाकडे पाठवले. पण बँकेच्या कागदांतले हे परके शब्द आले कुठून, हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

आधी 'बँक' हाच शब्द घ्या. मध्ययुगात इटलीच्या शहरांतले सराफ बाजारात बाक टाकून त्यावर नाणी मांडून बसत. त्या बाकाला म्हणत 'बांको'. आपल्याकडे सावकाराची गादी, त्यांच्याकडे सराफाचा बाक, फरक एवढाच. 'बँकरप्ट' हा शब्दही इटालियन 'बांका रोत्ता' यावरून आला. त्याचा अर्थ मोडका बाक. सराफ बुडाला की लोक त्याचा बाक मोडून टाकीत, अशी कथा सांगतात. आपल्याकडे बुडालेला व्यापारी भर दिवसा दुकानात दिवा लावी, म्हणून त्याचे 'दिवाळे' निघाले, असे सांगतात. दोन्ही कथा किती खऱ्या ते सोडा. बुडाल्याची गोष्ट चारचौघांत जाहीर व्हावी, ही गरज मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

आता 'चेक'. या शब्दाचा प्रवास मोठा गमतीचा आहे. बुद्धिबळात आपण राजाला 'शह' देतो. हा शब्द फारसी. 'शाह' म्हणजे राजा. खेळ आपला, चतुरंग नावाचा. तो इराणात गेला, तिथून अरबांकडे, मग युरोपात. वाटेत 'शाह'चे रूप बदलत बदलत इंग्रजीत 'चेक' झाले. राजाला अडवणे, त्यावरून कोणालाही अडवणे, आणि पुढे पडताळून पाहणे, असा त्याचा अर्थ पसरला. खोट्या कागदाला आळा बसावा म्हणून जे पडताळ्याचे स्थळप्रत ठेवीत, त्याला 'चेक' म्हणू लागले आणि शेवटी ते नाव पैसे देण्याच्या चिठ्ठीलाच चिकटले. तेव्हा पारावर पटाला बसलेला म्हातारा 'शह' म्हणतो आणि बँकेतला कारकून 'चेक' म्हणतो, ते दोघे एकाच घराण्यातला शब्द उच्चारतात. (हुंडीच्या व्यवहारातला 'शहाजोग' मात्र या घराण्यातला नव्हे. त्यातला 'शाह' म्हणजे साहू, आपला सावकार.)

इंग्लंडच्या सरकारी खजिन्याचे 'एक्सचेकर' हे नावही या पटावरूनच पडले. बाराव्या शतकात तिथले अधिकारी एका मोठ्या टेबलावर चौकटींचे कापड अंथरीत आणि त्यावर सोंगट्या मांडून हिशेब करीत. पावती कागदाची नसे, लाकडाची असे! काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभराची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, आणि एका पौंडाची टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरून दोन तुकडे करायचे. लांब तुकडा, म्हणजे 'स्टॉक', पैसे भरणाऱ्याजवळ. आखूड तुकडा खजिन्यात. दोन्ही जुळवले की खाचेला खाच लागलीच पाहिजे. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही बोट फिरवून आपला हिशेब पडताळता येई. आमच्या आजीच्या घरी गवळ्याच्या दुधाचा हिशेब भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवीत, त्याची मला इथे आठवण होते. १८२६ साली ही पद्धत बंद झाली. साठलेल्या जुन्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटच्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आणि त्या आगीत पार्लमेंटची इमारतच भस्मसात झाली.

काठी गेली आणि कागद उरला. कागद आला की वाचणारा एक आणि अंगठा देणारा दुसरा, अशी विभागणी होते.

'मॉर्गेज' म्हणजे आपले गहाण. हा शब्द जुन्या फ्रेंचमधला. त्याचा अर्थ 'मेलेले तारण'. मेलेले का? एडवर्ड कोक या कायदेपंडिताच्या १६२८ सालच्या ग्रंथात खुलासा सापडतो. पैसे फेडले नाहीत तर जमीन ऋणकोला मेली. फेडले तर तारण धनकोला मेले.

आपल्याकडे हे अक्षरशः घडले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी उठले आणि दंगे आसपासच्या गावांत पसरले. त्यांना मुख्यतः हवे होते ते सावकारांच्या घरातले कागद: कर्जरोखे, गहाणखते, हुकूमनामे. ते त्यांनी बाहेर काढून जाळले. खतात काय लिहिले आहे हे ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांना त्याचा परिणाम मात्र पुरता कळला होता. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद त्यात होती.

हे सारे मी आमच्या त्या आप्तांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मास्तर, ते सगळं खरं, पण आमच्या कागदात मेलं कोण?" वकिलांनी त्यांना समजावले की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात निराळे काही ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, आणि बँक थेट त्याच्याकडे मागू शकते. मात्र जामीनदाराने जे फेडले, ते कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क त्याला मिळतो. आमच्या आप्तांनी म्हैस विकून थकलेले हप्ते भरले. पावती घेतली, तिच्यावरचा प्रत्येक शब्द नातीकडून वाचून घेतला, आणि ती खिशात घालून ते शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसले.