हॉर्स्टेड केन्स जंक्शन
हॉर्स्टेड केन्स जंक्शन : इंग्लंडच्या आग्नेय भागात, ससेक्समध्ये असलेल्या ब्लूबेल रेल्वे या वारसा लोहमार्गावरील स्थानक व एके काळचे जंक्शन. ज्या खेड्याचे नाव स्थानकास मिळाले, ते स्थानकापासून दोन किमी.हून अधिक दूर आहे. खेड्याच्या गरजेच्या मानाने स्थानक फारच मोठे असून त्यास पाच फलाट आहेत. हा विस्तार खेड्याकडे पाहून उलगडत नाही. त्यासाठी येथे एकत्र येणारे लोहमार्ग आणि त्यांवरील गाड्यांचे नियंत्रण करणारी सिग्नल-व्यवस्था यांचा विचार करावा लागतो.

लूइस व ईस्ट ग्रिनस्टेड या गावांना जोडणारा लोहमार्ग स्थानिक जमीनदारांच्या पुढाकाराने आखला गेला व त्यास १८७७ मध्ये संसदेची मान्यता मिळाली. या जमीनदारांत शेफील्डचे तिसरे अर्ल प्रमुख होते. ऑस्ट्रेलियातील ‘शेफील्ड शील्ड’ या क्रिकेट स्पर्धेची ढाल ज्यांच्या देणगीतून आली, तेच हे गृहस्थ. ब्लूबेल मार्गाच्या दक्षिण टोकाचे शेफील्ड पार्क हे स्थानक त्यांच्याच वाड्याजवळ आहे. पुढील वर्षी ही योजना लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वे या कंपनीकडे गेली. मार्ग १ ऑगस्ट १८८२ रोजी खुला झाला आणि ३ सप्टेंबर १८८३ रोजी हॉर्स्टेड केन्सपासून आर्डिंगलीमार्गे हेवर्ड्स हीथकडे जाणारा फाटा सुरू झाला. हेवर्ड्स हीथ हे लंडन–ब्रायटन या प्रमुख मार्गावरील स्थानक असल्याने हॉर्स्टेड केन्सला जंक्शनचे महत्त्व आले.

या जंक्शनचे वैशिष्ट्य असे, की तेथे केवळ दोन दिशाच नव्हे, तर गाड्या चालविण्याच्या दोन पद्धती एकत्र येत. उत्तरेस ईस्ट ग्रिनस्टेडकडे जाणारा मार्ग व आर्डिंगलीचा फाटा हे दोन्ही दुहेरी होते. दक्षिणेस लूइसकडे जाणारा मार्ग मात्र एकेरी होता. दुहेरी मार्गावर जाणाऱ्या व येणाऱ्या गाड्यांचे रूळ वेगळे असल्याने मुख्य धोका मागून येणाऱ्या गाडीचा असतो. तो टाळण्यासाठी मार्गाचे खंड पाडून एका खंडात एका वेळी एकच गाडी सोडतात. खंडाच्या दोन टोकांच्या केबिनमधील सिग्नलवाले विद्युत् घंटेच्या ठोक्यांनी परस्परांशी बोलतात. गाडी खंडात शिरली म्हणजे दोन ठोके, ती बाहेर पडली म्हणजे दोन व त्यानंतर एक ठोका, अशी ही भाषा ठरलेली असून प्रत्येक संदेशाची नोंदवहीत वेळेसह नोंद होते.

एकेरी मार्गावर याहून भयंकर धोका समोरासमोर टक्कर होण्याचा असतो. १० सप्टेंबर १८७४ रोजी नॉरिचजवळ थॉर्प येथे एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या सोडण्यात आल्या आणि सु. २५ माणसे मृत्युमुखी पडली. निरोप देण्याघेण्यातील गैरसमज हेच त्याचे कारण होते. केवळ निरोपावर विसंबणे किती घातक आहे, हे यातून स्पष्ट झाले. एडवर्ड टायर यांनी १८७८ मध्ये त्यावर उपाय काढला. खंडाच्या दोन टोकांना ठेवलेली यंत्रे त्यांनी तारेने अशी जोडली, की एका यंत्रातून एक चकती काढल्यावर ती पुन्हा आत पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याच यंत्रातून दुसरी निघू नये. ही चकती हाती असल्याखेरीज चालकाने त्या खंडात जावयाचे नाही, असा नियम झाला. पुढे चकतीऐवजी दांडी, किल्ली अशी रूपे प्रचारात आली. भारतात एकेरी मार्गांवर नील यांच्या यंत्रातील धातूचा गोळा वापरला गेला. धावत्या एंजिनाच्या चालकाकडे वेताच्या कड्यातून दिला जाणारा हा गोळा महाराष्ट्रातील जुन्या प्रवाशांच्याही परिचयाचा आहे.

जंक्शनवर या दोन पद्धतींच्या जोडीला सांध्यांचा प्रश्न उभा राहतो. सांधा एका दिशेला वळलेला आणि सिग्नल दुसऱ्या दिशेचा पडलेला, अशी विसंगती झाली तर बाकीची सर्व दक्षता व्यर्थ ठरते. ती अशक्य करणाऱ्या रचनेस ‘इंटरलॉकिंग’ म्हणतात. केबिनमध्ये तरफांची एक रांग असते आणि त्यांच्याखाली लोखंडी पट्ट्यांचे असे जाळे असते, की एक तरफ ओढली असता तिच्याशी विरोधी असणाऱ्या सर्व तरफा जखडल्या जातात. सांध्यांच्या तरफा काळ्या, थांबा-सिग्नलांच्या तांबड्या, दूरस्थ सिग्नलांच्या पिवळ्या आणि सांध्यास कुलूप घालणाऱ्या तरफा निळ्या रंगाच्या असतात. सिग्नल पाडावयाचा तर आधी सांधा नीट वळवून त्यास कुलूप घालावेच लागते. सिग्नलवाल्याच्या स्मरणशक्तीवरील भार अशा प्रकारे लोखंडावर टाकलेला असतो. या यंत्रणेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक, जॉन सॅक्स्बी, हे ब्रायटनचेच. सांधे व सिग्नल एकत्र चालविणाऱ्या यंत्रणेचे एकस्व त्यांनी १८५६ मध्ये घेतले आणि पुढे काही काळ त्यांचा कारखाना हेवर्ड्स हीथ येथेच होता. १८८९ मध्ये आर्मा येथील अपघातात ८० माणसे दगावल्यानंतर त्याच वर्षीच्या कायद्याने खंडपद्धती व इंटरलॉकिंग प्रवासी मार्गांवर सक्तीची झाली. हॉर्स्टेड केन्स येथे प्रारंभी स्थानकाच्या दोन टोकांना दोन केबिनी होत्या. पुढे उत्तरेकडील केबिन बंद होऊन सर्व काम दक्षिणेकडील केबिनकडे आले.

१९२३ मध्ये हा मार्ग सदर्न रेल्वेकडे गेला. ७ जुलै १९३५ पासून हेवर्ड्स हीथकडून येणाऱ्या फाट्यावर तिसऱ्या रुळातून वीज घेणाऱ्या गाड्या धावू लागल्या. विद्युतीकरण हॉर्स्टेड केन्सच्या पलीकडे गेले नाही. त्यामुळे एकाच स्थानकात एका बाजूस विजेची व दुसऱ्या बाजूस वाफेची गाडी असे दृश्य नित्याचे झाले.

ब्रिटिश रेल्वेने २८ मे १९५५ रोजी लूइस–ईस्ट ग्रिनस्टेड मार्ग बंद केला. मॅज बेसेमर या स्थानिक रहिवासी महिलेने जुन्या कायद्यांतील एक कलम शोधून काढले. त्यानुसार काही विशिष्ट स्थानकांवर रोज चार गाड्या थांबविणे बंधनकारक होते. ७ ऑगस्ट १९५६ पासून गाड्या पुन्हा सुरू कराव्या लागल्या. पण त्या इतक्या नाखुशीने, की कलमात नावे नसलेल्या बारकम व किंग्सकोट या स्थानकांवर त्या थांबतच नसत. अखेर संसदेकडून ते कलम रद्द करवून घेऊन मार्च १९५८ मध्ये मार्ग दुसऱ्यांदा बंद झाला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या जतन-संस्थेने ७ ऑगस्ट १९६० रोजी शेफील्ड पार्कपासून आपल्या गाड्या सुरू केल्या. जंक्शनमध्ये शिरण्याची अनुमती नसल्याने त्या स्थानकाच्या अलीकडेच, ब्लूबेल हॉल्ट या तात्पुरत्या थांब्यावर थांबत. तेथे एंजिन फिरवून घेण्याची सोय नव्हती, म्हणून गाडीच्या दोन्ही टोकांना एकेक एंजिन जोडीत. १९६१ च्या अखेरीस प्रवेश मिळाला आणि सु. दोन वर्षे हॉर्स्टेड केन्स पुन्हा खरेखुरे जंक्शन झाले. स्वयंसेवकांच्या वाफेच्या गाडीतून उतरून प्रवासी शासकीय विजेच्या गाडीत बसू शकत. ऑक्टोबर १९६३ मध्ये आर्डिंगलीचा फाटा बंद झाला व नंतर रूळ उखडले गेले.

यानंतर जंक्शन हे केवळ नाव उरले. केबिन मात्र निरुपयोगी झाली नाही. मार्ग २३ एप्रिल १९९४ रोजी किंग्सकोटपर्यंत आणि कचऱ्याने भरलेली इंबरहॉर्नची खोदाई उपसल्यावर २३ मार्च २०१३ रोजी ईस्ट ग्रिनस्टेडपर्यंत वाढला. सु. १८ किमी. लांबीच्या या एकेरी मार्गावर विरुद्ध दिशांच्या गाड्या परस्परांना ओलांडतात ते मुख्य ठिकाण हॉर्स्टेड केन्स हे होय. स्थानकाची इमारत, पाट्या व जाहिराती सदर्न रेल्वेच्या काळाप्रमाणे सजविल्या आहेत. तथापि, ही सजावट काढून घेतली तरी गाड्या चालतील. सिग्नल-व्यवस्थेचे तसे नाही. जुने एंजिन संग्रहालयात नुसते उभे ठेवता येते. तरफांची रांग मात्र चालविणारा प्रशिक्षित मनुष्य व खरी गाडी असेल तरच अर्थपूर्ण ठरते. वेगमर्यादा ताशी सु. ४० किमी. असली, तरी प्रवासी खरे असल्याने स्वयंसेवक सिग्नलवाल्यास परीक्षा देऊनच केबिनचा ताबा मिळतो.

आर्डिंगलीच्या फाट्यावर हेवर्ड्स हीथच्या बाजूने खडीच्या मालगाड्या अद्याप येतात. आर्डिंगली व हॉर्स्टेड केन्स यांच्यामध्ये मात्र रूळ नाहीत व वाटेतील शेरीफ मिलचा कमानी पूलही पाडला गेला आहे. हा दुवा पुन्हा जोडण्याचा संस्थेचा मानस आहे.