पाठीवरची डार्करूम

गेला दीड महिना आमच्या घरात एकच विषय चालू आहे. लॅपटॉप! सप्टेंबरात दहा दिवस स्पितीला जायचं नक्की झालंय. कॅमेरा आहे, दोन लेन्स आहेत. प्रवासात रोजचे फोटो बघता यावेत, जमलं तर थोडे सुधारता यावेत, एवढ्यासाठी एक हलकासा लॅपटॉप हवा आहे. बजेट ५० हजार. त्यावर एक रुपयाही मिळणार नाही, हे आमच्या गृहखात्याने पहिल्याच दिवशी जाहीर करून टाकलं.

भाचा हा आमच्या घराण्याचा अधिकृत कॉम्प्युटर सल्लागार. त्याने अर्ध्या तासात यादी पाठवली. त्यातलं सगळ्यात स्वस्त मशीन ८० हजारांचं. "मामा, फोटो एडिटिंग म्हटलं की एवढे जाणारच," इति सल्लागार. मग मी दोन शनिवार लॅमिंग्टन रोडवर घातले, तिथून डोकं आणखी जड करून परत आलो, आणि मला अशा वेळी जी खोड आहे ती उफाळून आली. कुठलीही वस्तू घ्यायची झाली की ती नसताना लोक काय करायचे, हे मला आधी शोधावंसं वाटतं. बायकोच्या मते ही खर्च पुढे ढकलायची युक्ती आहे. असेलही. पण या वेळी त्यातून मला उत्तर मिळालं, म्हणून हे लिहितोय.

तर सुरुवात एका दारूवाल्याच्या गाडीपासून. रॉजर फेंटन नावाचा इंग्रज छायाचित्रकार १८५५ साली क्रिमियाच्या युद्धावर फोटो काढायला निघाला. त्याने एका वाइन व्यापाऱ्याची जुनी घोडागाडी विकत घेतली आणि तिची फिरती डार्करूम केली. सोबत पाच कॅमेरे, ७०० काचा आणि ३६ मोठ्या पेट्या. एवढं लटांबर कशाला? तर त्या काळची पद्धतच तशी होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची पद्धत काढली. काचेवर कोलोडियन हे चिकट द्रावण पसरायचं, अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि फोटो काढून लगेच अंधारात नेऊन धुवायची. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटांत. काच वाळली की खेळ खलास. म्हणजे जिथे फोटो काढायचा तिथे डार्करूम हवीच. क्रिमियाच्या उन्हाळ्यात फेंटनच्या गाडीत इतकं उकडायचं की द्रावण काचेवर पसरायच्या आतच वाळून जायचं. शिवाय ती गाडी लांबून उठून दिसायची आणि रशियन तोफांना आयतं लक्ष्य व्हायची. अशा परिस्थितीत बाबा साडेतीनशेच्या वर फोटो घेऊन घरी परतला.

आता आपल्याकडे. सॅम्युअल बोर्न १८६३ साली हिंदुस्थानात आला, आणि त्याच वर्षी सिमल्याहून हिमालयात शिरला. बरोबर तिसेक हमाल. काचा, बाटल्या, तंबू, कॅमेरे सगळं माणसांच्या पाठीवर. १८६६ सालच्या तिसऱ्या सफरीत तो स्पितीकडे गेला आणि मणिरंग खिंडीत, १८ हजार फुटांहून उंचावर, ओल्या काचेवर फोटो काढले! मी आता ज्या भागात जीपमधून जाणार आहे, तिथे हा माणूस गोठलेल्या बोटांनी काचेवर द्रावण पसरत होता. त्याने या सफरींबद्दल लिहून ठेवलंय, त्यात ओझं टाकून पळून जाणाऱ्या हमालांवरचा त्याचा राग वाचायला मिळतो. मला मात्र वाचताना त्या हमालांचीच जास्त दया आली. फोटोखाली नाव एकाचं, पाठी तीस जणांच्या.

गंमत बघा, या सगळ्या जाचातून एक फायदा आपोआप व्हायचा. फोटो उतरला की नाही हे जागेवरच कळायचं. बिघडला तर पुन्हा काढायचा. घरी जाऊन कपाळावर हात मारायची वेळ यायची नाही.

पुढे १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्सने कोरड्या काचेची कल्पना मांडली आणि दहाएक वर्षांत तयार काचा बाजारात मिळायला लागल्या. फोटो आज काढा, धुवा महिन्याने. १८८८ साली ईस्टमनचा कोडॅक आला: किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंची फिल्म भरलेली. फिल्म संपली की अख्खा कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १० डॉलरमध्ये फोटो धुऊन, नवी फिल्म भरून परत. डार्करूम प्रवाशाच्या पाठीवरून उतरली आणि पुढची शंभरेक वर्षं बहुतेकांच्या बाबतीत उतरलेलीच राहिली. आपण सगळे त्याच राज्यात वाढलो. ३६ फोटोंचा रोल, गावातला फोटो स्टुडिओ, "परवा या" हे उत्तर, आणि पाकीट उघडताना होणारी छातीतली धडधड.

या काळातली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. शॅकलटनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेतला छायाचित्रकार फ्रँक हर्ली. १९१५ साली त्यांचं 'एंड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं गेलं. हर्लीने बर्फाळ पाण्यात उतरून निगेटिव्हच्या काचांचे डबे बाहेर काढले. पण पुढचा प्रवास स्लेज आणि होड्यांतून, सगळं सामान वाहून न्यायचं, आणि काच जड. मग तो आणि शॅकलटन बर्फावर बसले आणि एकेक काच बघून निवड करत गेले. सुमारे १२० ठेवल्या. उरलेल्या ४०० च्या आसपास हर्लीने तिथेच फोडून टाकल्या, म्हणजे मागाहून मन बदलायला नको! मोठे कॅमेरे टाकून दिले, एक खिशातला कोडॅक आणि फिल्मचे तीन रोल घेतले. ते १२० आज जगाला माहीत आहेत. मी एका घाटात एकाच ढगाचे ४० फोटो काढतो आणि एकही पुसत नाही. असो.

डिजिटल आलं आणि ओझं परत पाठीवर चढलं. कोडॅकमध्येच स्टीव्ह सॅसनने १९७५ साली पहिला डिजिटल कॅमेरा जोडला. वजन साडेतीन किलोच्या वर, आणि ०.०१ मेगापिक्सेलचा एक काळा-पांढरा फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. १९९१ साली कोडॅकचा पहिला व्यावसायिक डिजिटल कॅमेरा विक्रीला आला. निकॉन एफ-३ ची बॉडी, १.३ मेगापिक्सेल, आणि फोटो साठवायला वेगळी पेटी, तीही खांद्याला लटकवायची. पेटीत २०० एमबीची हार्ड डिस्क आणि फोटो बघायला छोटा पडदा. बोर्नच्या हमालाचं ओझं पुन्हा छायाचित्रकाराच्या खांद्यावर आलं, एवढंच. त्याच्या आदल्याच वर्षी, फेब्रुवारी १९९० मध्ये, फोटोशॉप बाजारात आलं होतं. अंधाऱ्या खोलीतली सगळी कामं आता उजेडात बसून करता येणार होती, फक्त एक कॉम्प्युटर जवळ हवा.

आणि तो कॉम्प्युटर हलका होत गेला. १९८१ चा ऑस्बॉर्न-१ 'पोर्टेबल' म्हणून विकला जायचा. वजन जवळजवळ ११ किलो, पडदा पाच इंची, किंमत १७९५ डॉलर. २००७ साली असूसने ईईई पीसी काढला, एक किलोच्या आत, सात इंची. स्वस्त नेटबुकांची लाट आली, आणि त्या लाटेत मीही वाहून गेलो.

इथे माझी गोष्ट सांगायला हवी. घरच्यांना ती माहीत आहे, पण मी कधी लिहिली नव्हती.

२००९ च्या डिसेंबरात मी बाबांना अजिंठ्याला घेऊन गेलो. बाबा चित्रकलेचे शिक्षक. नोकरीची ३१ वर्षं मुलांना अजिंठ्याबद्दल सांगितलं आणि स्वतः एकदाच, तेही तरुणपणी सहलीबरोबर पळत पळत पाहिलेलं. मी नवाकोरा नेटबुक घेतला होता, दहा इंची. कॅमेऱ्याची कार्डं दोनच, प्रत्येकी २ जीबी. रोज रात्री कार्डावरचे फोटो नेटबुकवर उतरवायचे आणि कार्ड पुसून सकाळी पुन्हा वापरायचं, अशी माझी हुशार व्यवस्था.

लेण्यांच्या पायऱ्या चढताना बाबा मला मेजर रॉबर्ट गिलबद्दल सांगत होते. गिल आणि पारो ही जोडी आपल्याला ठाऊक असते. महानोरांनी त्यांच्यावर काव्य लिहिलं, २०१२ साली चित्रपटही आला. पण बाबांना गिलच्या कामाचं अप्रूप. १८४४ साली कंपनी सरकारने त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला नेमलं. वर्षानुवर्षं खपून त्याने भल्यामोठ्या कॅनव्हासवर रंगीत नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लावल्या, आणि डिसेंबर १८६६ च्या आगीत जवळजवळ सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन आले आणि १८८५ पर्यंत पुन्हा नकला केल्या. त्याही लंडनला गेल्या. आणि १८८५ साली तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागून त्यातल्याही बऱ्याच गेल्या! "सगळं एकाच ठिकाणी ठेवायचं नसतं रे," बाबा सव्विसाव्या लेण्यात, पहुडलेल्या बुद्धासमोर दम खात म्हणाले. मी मान डोलावली आणि त्यांचा फोटो काढला.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी नेटबुकची डिस्क गेली. दुरुस्तीवाल्याने आठवडाभर झटून हात टेकले. कार्डं तर मीच पुसली होती. त्या सहलीचे ३०० च्या वर फोटो होते. राहिला एक. तेव्हाच्या औरंगाबादच्या हॉटेलातून बहिणीला मेल केलेला, आणि इंटरनेट हळू म्हणून ६४० पिक्सेलपर्यंत बारीक केलेला. त्यात बाबा पहिल्या लेण्याबाहेर टोपी सावरत उभे आहेत. २०११ साली बाबा गेले. तो फोटो मोठा करून लावायला गेलो तर चेहऱ्याचे चौकोन दिसायला लागतात. म्हणून आमच्या भिंतीवर तो पोस्टकार्डाएवढाच आहे.

तर या सगळ्या इतिहासातून मला काय कळलं ते सांगतो. प्रवासातल्या डार्करूमची कामं मुळात तीन. फोटो नीट उतरलाय का ते बघणं, काय ठेवायचं ते निवडणं, आणि ठेवलेलं सुखरूप घरी आणणं. सजावट हे चौथं काम, आणि ते घरी बसून करायला कोणीच कधी अडवलेलं नाही. भाच्याची ८० हजारांची यादी त्या चौथ्या कामासाठी होती. मी २००९ मध्ये तिसरं काम विसरलो होतो.

एकदा हे कळल्यावर हिशोब सोपा झाला. माझ्या २४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची एक रॉ फाइल साधारण २५ एमबीची. दिवसाला ३०० फोटो धरले तर साडेसात जीबी, दहा दिवसांचे ७५. म्हणजे ५१२ जीबीची एसएसडी माझ्यासाठी मुबलक. रॅम १६ जीबी हवीच, नाहीतर एका फोटोवरून दुसऱ्यावर जाताना चहा पिऊन यावं लागतं. खास ग्राफिक्स कार्ड नको, त्याने वजन वाढतं आणि बॅटरी संपते. जिथे काटकसर करायची नाही ती जागा म्हणजे पडदा. स्वस्त मशीनच्या माहितीत '४५ टक्के एनटीएससी' असं दिसलं तर पुढे चला. असल्या पडद्यावर रंग मुळातच फिके दिसतात, मग आपण ते भडक करत सुटतो, आणि घरी मोठ्या पडद्यावर बघावं तर बुद्धविहाराच्या भिंती टोमॅटोसारख्या. आयपीएस पडदा आणि एसआरजीबीचे जवळजवळ सगळे रंग, एवढं बघायचं.

शेवटी एका ऑफिसातून निघालेला, चार वर्षं वापरलेला १४ इंची लॅपटॉप घेतला. दीड किलो, पडदा चांगला, बॅटरी नवीन बसवून ३१ हजार. सॉफ्टवेअर डार्कटेबल, ते फुकट मिळतं. उरलेल्या पैशांत दोन बाहेरच्या एसएसडी आणि चार कार्डं. रोज रात्री फोटो दोन्ही डिस्कवर उतरवायचे. एक डिस्क माझ्या सॅकमध्ये, दुसरी बायकोच्या पर्समध्ये. आणि कार्डं घरी येईपर्यंत पुसायची नाहीत.

भाचा म्हणाला, "मामा, एवढ्या पैशात जरा बरं मशीन नसतं का आलं?" आलं असतं. मी त्याला भिंतीवरचा पोस्टकार्डाएवढा फोटो दाखवला. आजोबा गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता. जवळ जाऊन बराच वेळ बघत राहिला, मग म्हणाला, "दुसरी डिस्क मामीच्या पर्समध्ये नको, प्रवासात पर्स आधी चोरीला जाते."

सल्लागाराचा हा सल्ला मात्र मान्य केला आहे. दुसरी डिस्क आता औषधांच्या डब्यात जाणार आहे.