मळसूत्री नळीची बंदूक

दिवाळीच्या रात्री अंगणात भुईनळा उसळतो तो सोरा, गंधक आणि कोळसा या तिघांच्या जोरावर. याच तिघांना लोखंडी नळीत कोंडले, पुढे शिशाची गोळी ठेवली आणि मागून ठिणगी दिली, की झाली बंदूक! आपल्या कोकणातील ठासणीची बंदूक पुष्कळ वाचकांनी पाहिली असेल, निदान वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकली तरी असेल. तोंडाकडून दारू ओतावी, वर गोळी किंवा छर्रे घालावे आणि गजाने ठासावे, ही तिची रीत. आज सांगावयाची आहे ती तिच्याच कुळातील एका दूरच्या बहिणीची हकिगत. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात अठराव्या शतकात हाताने घडविलेल्या रायफलीची.

साधी बंदूक आणि रायफल यांत भेद आहे तो नळीच्या पोटात. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. गोळी तीत आपटत, धडकत बाहेर पडते आणि शंभर यार्डांपलीकडे तिचा भरवसा उरत नाही. रायफलीच्या नळीत मळसूत्राप्रमाणे वळत जाणारे आटे असतात. त्यांतून निघालेली गोळी भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरत जाते, म्हणून तिची वाट सरळ राहते. ही युक्ती जर्मन मुलखात सोळाव्या शतकापासून चालत आलेली होती. तेथील कारागीर पेनसिल्व्हेनियात येऊन वसले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली. पण नव्या देशात रान अफाट आणि दारू-शिसे महाग. तेव्हा लँकेस्टर आणि आसपासच्या कारागिरांनी जर्मन शिकाऱ्याच्या आखूड, मोठ्या तोंडाच्या रायफलीला हळूहळू नवे रूप दिले. नळी चाळीस इंचांच्या वर गेली आणि तिचे तोंड अर्ध्या इंचाच्या आसपास आले. थोड्या शिशात जास्त गोळ्या निघू लागल्या.

ही नळी घडे कशी, ते पाहण्यासारखे आहे. लोखंडाची लांब पट्टी भट्टीत तापवून एका सळईभोवती वळवीत, आणि टाकणखार टाकून थोडी थोडी करीत तिची कड सांधीत. मग लांब गिरमिटाने ती आतून कोरीत. नळीत ताणलेला दोरा धरून वाक कोठे आहे तो डोळ्याने ताडीत, आणि हातोड्याच्या नेमक्या ठोक्याने काढून टाकीत. शेवटी आटे. एका लाकडी दंडगोलावर मळसूत्राची वळणे कोरलेली असत. त्याच्या आधाराने गज फिरत फिरत नळीत जाई, आणि गजाच्या टोकाचे पोलादी दात लोखंडाचा केसाएवढा कीस काढीत. खोली वाढवायची तर दातांखाली कागदाचा कपटा सारावयाचा! एकेका आट्यासाठी हा गज कितीतरी वेळा मागेपुढे होई. असे बहुधा सात आटे. त्यांचा एक पुरा वेढा व्हायला साधारण चार फूट लागत. पुढे मेपलच्या लहरदार रेषांच्या लाकडाचा दस्ता आणि त्यात पितळी झाकणाची छोटी कुपी. चरबी लावलेले कापडाचे तुकडे तीत ठेवीत. गोळी नळीपेक्षा किंचित लहान असे. ती या तुकड्यात गुंडाळून ठासली, की कापड आट्यांत घट्ट बसून गोळीला फिरवी.

चाप ओढला की घोड्यातील गारगोटी पोलादावर आपटे आणि ठिणगी रंजकावर पडे. कधी रंजक नुसतेच भपकन जळे आणि आतली दारू पेटतच नसे. असा बार फुसका गेला, की समोरचे हरिण काही थांबून राहत नसे.

14 जून 1775 रोजी बंडखोर वसाहतींच्या काँग्रेसने रायफलधारींच्या दहा पलटणी उभारण्याचा ठराव केला. त्यांतील सहा एकट्या पेनसिल्व्हेनियाच्या. 1777 मध्ये साराटोगाच्या लढाईत डॅनियल मॉर्गनच्या नेमबाजांनी इंग्रजांना हैराण केले. तरीही या बंदुकीला संगीन नव्हती आणि ती ठासायला वेळ लागे. म्हणून मॉर्गनच्या जोडीला संगिनी असलेले पायदळ द्यावे लागले. पुढे 1815 च्या न्यू ऑर्लिन्सच्या विजयावर एक गाणे गाजले आणि पेनसिल्व्हेनियाची ही लेक 'केंटकी रायफल' म्हणून जगाला ठाऊक झाली. त्या लढाईत खरी कामगिरी तोफांची होती, पण गाण्यापुढे तोफांचे कोण ऐकतो?

या कौतुकात एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्या लँकेस्टर गावात या सुंदर बंदुका घडत, त्याच गावात 27 डिसेंबर 1763 रोजी गोऱ्यांच्या एका जमावाने कॉनेस्टोगा जमातीची चौदा माणसे ठार केली. सरकारनेच त्यांना संरक्षणासाठी तेथे ठेवले होते. त्यांत मुलेही होती. कोणालाही शिक्षा झाली नाही. कारागिराने नळीचा वाक काढला. ती हाती धरणाऱ्याच्या मनाचा वाक काढणे त्याच्या हाती नव्हते. ज्या रानात ही रायफल फिरली ते कोणाचे तरी घर होते. तेथल्या मूळच्या लोकांनीही पुढे हीच रायफल हाती घेतली, पण त्यांची भूमी वाचली नाही.

हाताच्या कामाचे वैभव हेच त्याचे मरणही ठरले. एका रायफलीचा स्क्रू दुसरीला बसत नसे. मोडली की पुन्हा कारागिराचे दार. 1820 च्या दशकात हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यात जॉन हॉल याने यंत्रांवर असे भाग घडविले, की कोणताही भाग कोणत्याही बंदुकीला बसावा. पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या आणि जुन्या भट्ट्या थंडावल्या.

जुन्या रायफली मात्र भिंतींवर आणि संग्रहालयांत राहिल्या. 1933 मध्ये ठासणीच्या रायफलींच्या हौशी मंडळींनी अमेरिकेत राष्ट्रीय संघटना काढली. पण नेम धरणारे मिळाले तरी सारे हातांनी घडविणारे हात उरले नव्हते. विल्यम्सबर्ग येथे वॉलेस गस्लर या कारागिराने जुन्या वस्तू निरखून, चुकत, पुन्हा तापवून, पट्टीपासून आट्यांपर्यंत सारी रायफल जुन्याच रीतीने घडविली. 1969 मध्ये त्या कामाचा चित्रपटही निघाला. आज ती विद्या तेथे शिकविली जाते.

आपल्याही गावोगावच्या लोहारांजवळ, कासारांजवळ अशा किती तरी विद्या आहेत. वस्तू जपून ठेवणे सोपे. ती कपाटातही राहते. हातांतील विद्या मात्र दुसऱ्या हातांत गेली तरच राहते. भट्टी एकदा विझली, की ती पुन्हा शिकण्यासाठी एखाद्या गस्लरची वाट पाहावी लागते. आणि तो भेटेलच असे नाही.