कोरोना महामारी : कोणत्या देशाने काय केले आणि मागे कोण राहिले?

चीनमधील वुहान शहरात न्यूमोनियाचे अनोळखी रुग्ण सापडल्याचे ३१ डिसेंबर २०१९ रोजी जाहीर झाले. ३० जानेवारी २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली आणि ११ मार्चला या साथीला महामारी म्हटले. ही आणीबाणी उठायला ५ मे २०२३ उजाडला. विषाणू सगळीकडे तोच होता. तरीही काही देशांत पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके मृत्यू झाले आणि काही देशांत स्मशानात जागा उरली नाही. एवढा फरक कशामुळे पडला?

पैसा हे त्याचे उत्तर नाही. साथीला तोंड देण्याची कोणाची किती तयारी आहे हे सांगणारा जागतिक आरोग्य सुरक्षा निर्देशांक ऑक्टोबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात १९५ देशांमध्ये अमेरिका पहिल्या आणि ब्रिटन दुसऱ्या क्रमांकावर होता. पुढे अमेरिकेत ११ लाखांहून अधिक आणि ब्रिटनमध्ये २ लाखांहून अधिक माणसे कोरोनाने गेली. प्रयोगशाळा, औषधे आणि तज्ज्ञ दोन्हीकडे होते. कमी कुठे पडले, हे समजून घेण्यासाठी देशांचा अनुभव एकेक करून पाहावा लागतो.

आधी आकड्यांविषयी

प्रत्येक देशाने मृत्यू सारख्याच प्रामाणिकपणे मोजले नाहीत. जिथे तपासणी कमी आणि मृत्यूनोंदणी कच्ची, तिथे सरकारी आकडा लहान दिसतो. म्हणून अभ्यासक ‘जादा मृत्यू’ मोजतात. नेहमीच्या वर्षात जितके मृत्यू अपेक्षित असतात, त्यापेक्षा किती जास्त झाले, हे त्यातून कळते. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगात सुमारे १ कोटी ४९ लाख जादा मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. देशांनी स्वतः कळवलेला आकडा ५४ लाखांच्या आसपास होता. भारतासाठी हा अंदाज सुमारे ४७ लाखांचा होता आणि भारत सरकारने त्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतला.

पेरूने वेगळी वाट धरली. मे २०२१ अखेर तिथल्या सरकारने तज्ज्ञ समितीच्या फेरतपासणीनंतर मृत्यूंचा आकडा सुमारे ६९ हजारांवरून १ लाख ८० हजारांवर नेला. लोकसंख्येच्या प्रमाणात जगात सर्वाधिक मृत्यू आपल्याकडे झाले, असे दिसेल हे माहीत असूनही त्यांनी ते केले. साथीत लहान आकडा म्हणजे चांगले काम, असे समजण्याआधी तो आकडा कसा आला हे विचारले पाहिजे.

आधीच्या साथीतून शिकलेले देश

तैवान चीनच्या शेजारी आहे. २००३ मध्ये तिथे सार्सने माणसे गेली होती. त्या अनुभवामुळे ३१ डिसेंबर २०१९ लाच वुहानहून येणाऱ्या विमानांतील प्रवाशांची तपासणी सुरू झाली. २० जानेवारीला साथनियंत्रण केंद्र उघडले. मास्कची निर्यात थांबवली आणि ६ फेब्रुवारीपासून आरोग्य विमा कार्डावर प्रत्येकाला ठरलेल्या किमतीत मास्कचे रेशन मिळू लागले. श्रीमंताला जास्त आणि गरिबाला कमी, असे झाले नाही. विलगीकरणात राहणाऱ्याला दररोज भत्ता मिळत असे आणि नियम मोडला तर मोठा दंडही होत असे. गुलाबी मास्कमुळे शाळेत मुलगा चिडवला जातो असे कळल्यावर आरोग्यमंत्री आणि अधिकारी गुलाबी मास्क लावून पत्रकार परिषदेत बसले. २०२० अखेर सव्वादोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या तैवानमध्ये ७ मृत्यू झाले होते.

दक्षिण कोरियात २०१५ मध्ये मर्सने ३८ बळी घेतले होते. त्यानंतर कायदा बदलला आणि तातडीच्या काळात तपासणी किट लवकर मंजूर करण्याची सोय झाली. फेब्रुवारी २०२० मध्ये देगू शहरातील एका धार्मिक पंथाच्या प्रार्थनासभांतून साथ भडकली आणि २९ फेब्रुवारीला एका दिवसात ९०९ रुग्ण सापडले. सरकारने देशभर टाळेबंदी केली नाही. गाडीत बसल्या बसल्या तपासणी, संपर्कांचा शोध आणि विलगीकरणातील माणसाच्या घरी शिधा, यावर भर दिला. १५ एप्रिलला राष्ट्रीय निवडणूकही झाली. मात्र रुग्ण कुठे कुठे गेला याचे तपशील जाहीर होत असल्याने लोकांची बदनामी झाली. मे महिन्यात सोलमधील नाइट क्लबांत संसर्ग पसरला, तेव्हा समलिंगी तरुण भीतीने पुढे येईनात. मग नाव न सांगता तपासणीची सोय करावी लागली. बदनामीच्या भीतीने माणसे लपली, तर साथही लपते.

व्हिएतनाम तैवान-कोरियाइतका श्रीमंत नाही आणि चीनशी त्याची लांब सीमा आहे. तिथे रुग्ण, त्याचे संपर्क आणि संपर्कांचेही संपर्क शोधले गेले. लष्करी छावण्या आणि वसतिगृहांत विलगीकरण झाले. पहिला मृत्यू ३१ जुलै २०२० रोजी झाला आणि वर्षअखेर सुमारे ९ कोटी ७० लाखांच्या देशात ३५ मृत्यू नोंदले गेले. न्यूझीलंडने रुग्णसंख्या शंभरच्या घरात असतानाच कडक टाळेबंदी जाहीर केली आणि कामगारांच्या पगारासाठी मालकांना अनुदान दिले.

हे यश कायमचे नव्हते. डेल्टा प्रकाराने २०२१ मध्ये हो ची मिन्ह शहराला झोडपले. लस पुरेशी पोहोचली नव्हती आणि वर्षअखेर व्हिएतनाममधील मृत्यू ३० हजारांवर गेले. हाँगकाँगने दोन वर्षे साथ रोखली, पण वृद्धांचे लसीकरण मागे राहिले. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये तिथला मृत्युदर जगातील सर्वांत वरच्या दरांपैकी होता. लवकर केलेल्या कारवाईने वेळ मिळतो. तो वेळ दुबळ्यांपर्यंत लस पोहोचवण्यासाठी वापरला तरच जीव वाचतात.

लपवणे, नाकारणे, उशीर करणे

चीनने २३ जानेवारी २०२० रोजी १ कोटी १० लाखांचे वुहान बंद केले. ते ७६ दिवस बंद राहिले. पण त्याआधी सहकाऱ्यांना सावध करणाऱ्या डॉ. ली वेनलियांग यांना पोलिसांनी समज दिली होती. ७ फेब्रुवारीला ते स्वतः कोरोनाने गेले. खरे बोलणाऱ्याला गप्प केल्याने मोलाचे दिवस वाया गेले.

इटलीत २१ फेब्रुवारीला स्थानिक संसर्ग उघड झाला तोवर विषाणू लोम्बार्दीत पसरलेला होता. ९ मार्चला देशभर टाळेबंदी जाहीर झाली. १८ मार्चला बर्गामोमधून शवपेट्या लष्करी ट्रकांतून न्याव्या लागल्या. अमेरिकेत सुरुवातीच्या तपासणी किट सदोष निघाल्या आणि मास्क लावणे हा पक्षीय वादाचा विषय झाला. ब्राझीलमध्ये राष्ट्राध्यक्ष बोल्सोनारो यांनी आजाराला किरकोळ लेखले. एप्रिल-मे २०२० मध्ये महिन्याभरात दोन आरोग्यमंत्री पायउतार झाले. जानेवारी २०२१ मध्ये मनाउस शहरात प्राणवायूअभावी रुग्ण दगावले. त्याच ब्राझीलमध्ये साडेसहा कोटींहून अधिक गरिबांना थेट रोख मदत मिळाली, हेही नोंदवले पाहिजे. देशात एकूण सुमारे ७ लाख मृत्यू झाले.

स्वीडनची गोष्ट सरळ नाही. तिथे कडक टाळेबंदी नव्हती आणि लहान मुलांच्या शाळा चालू राहिल्या. पहिल्या लाटेत वृद्धाश्रमांत मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले. डिसेंबर २०२० मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाने वृद्धांचे रक्षण करण्यात देश कमी पडल्याचा ठपका ठेवला. पण तीन वर्षांच्या जादा मृत्यूंच्या हिशेबात स्वीडन युरोपातील कमी नुकसान झालेल्या देशांत मोडतो. तिथे आजारी पडलेल्याला पगारी रजा मिळते, घरे प्रशस्त आहेत आणि लोकांचा सरकारी यंत्रणेवर विश्वास आहे. हे नसलेल्या देशाने फक्त ‘टाळेबंदी नको’ एवढेच उचलले तर निकाल वेगळा लागतो.

नकाशावर नसलेली माणसे

सिंगापूरचे सुरुवातीला जगभर कौतुक होत होते. एप्रिल २०२० मध्ये परदेशी मजुरांच्या वसतिगृहांत साथ शिरली. एका खोलीत अनेक जण दाटीने राहणारे हे मजूर मुख्यतः बांगलादेश आणि भारतातून आलेले. वर्षअखेर देशातील सुमारे ५८ हजार रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक या वसतिगृहांतले होते. सरकारने मोफत तपासणी व उपचार दिले आणि देशभर मिळून २९ मृत्यूंवर निभावले. पण धोका कुठे आहे हे आधी दिसले नाही, कारण ती वस्ती शहराच्या हिशेबातच नव्हती.

थायलंडमध्ये गावोगावच्या १० लाखांहून अधिक आरोग्य स्वयंसेवकांनी पहिली लाट थोपवली. डिसेंबर २०२० मध्ये साथ उसळली ती सामुत साखोनच्या मासळी बाजारात, म्यानमारच्या स्थलांतरित कामगारांमध्ये. अमेरिकेत नवाहो आदिवासींच्या सुमारे तीस टक्के घरांत नळाचे पाणी नव्हते. हात धुवा, हा सल्ला त्यांनी कसा पाळायचा? मे २०२० मध्ये तिथला संसर्गदर न्यूयॉर्क राज्यापेक्षाही जास्त होता. न्यूझीलंडने लसीकरणासाठी सर्वांना वयाचा एकच नियम लावला. माओरी समाज तरुण, आणि त्याला कमी वयातच आजारांचा जास्त धोका. त्यामुळे समान दिसणाऱ्या नियमाने माओरी मागे पडले. डिसेंबर २०२१ मध्ये वैतांगी न्यायाधिकरणाने हा कराराचा भंग ठरवला.

भारतात २४ मार्च २०२० च्या रात्री चार तासांच्या सूचनेवर टाळेबंदी आली. काम गेले, खोलीचे भाडे तुंबले, गाड्या बंद. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले मध्य प्रदेशातील १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली चिरडले गेले. सप्टेंबरमध्ये सरकारने संसदेत सांगितले की, सुमारे १ कोटी ४ लाख मजूर गावी परतले, पण वाटेत किती मेले याची नोंद नाही.

भारतातच दिसलेला दुसरा मार्ग

केरळने २०१८ मध्ये निपाह पाहिला होता. ३० जानेवारी २०२० ला देशातील पहिला कोरोना रुग्ण तिथेच सापडला. ग्रामपंचायती, आशा सेविका आणि महिलांचे ‘कुटुंबश्री’ गट कामाला लागले. सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. परप्रांतीय मजुरांना ‘अतिथी कामगार’ म्हटले आणि त्यांच्या निवाऱ्याची व जेवणाची सोय केली. पुढे तिथे रुग्णसंख्या वाढलेली दिसली, पण २०२१ च्या जून-जुलैतील राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात केरळमध्ये सुमारे ४४ टक्के लोकांत प्रतिपिंडे होती. देशाची सरासरी ६७ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे लस मिळेपर्यंत तिथे जास्त लोक संसर्गापासून वाचले होते.

धारावीत पहिला रुग्ण १ एप्रिल २०२० रोजी सापडला. दहा बाय दहाच्या खोलीत अंतर पाळा, असे सांगून उपयोग नव्हता. महापालिकेने स्थानिक खासगी डॉक्टरांना घेऊन ताप तपासणी शिबिरे भरवली, सार्वजनिक शौचालये दिवसातून अनेकदा निर्जंतुक केली, शाळा व सभागृहांत विलगीकरणाची आणि जेवणाची सोय केली. १० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला.

लसीची रांग

भूतानने भारताने दिलेल्या लसीच्या जोरावर मार्च-एप्रिल २०२१ मध्ये सुमारे दोन आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक पात्र प्रौढांना पहिला डोस दिला. दुर्गम डोंगरातही स्वयंसेवक पोहोचले. जगाचे चित्र मात्र उलटे होते. श्रीमंत देशांनी गरजेपेक्षा जास्त डोस आधीच आरक्षित केले. २०२१ संपताना सर्वांत गरीब देशांत दहापैकी एकालाही डोस मिळाला नव्हता. ऑक्टोबर २०२० मध्ये भारत आणि दक्षिण आफ्रिकेने लस व औषधांवरील पेटंट तात्पुरते शिथिल करण्याची मागणी केली होती. जून २०२२ मध्ये ती फक्त लसीपुरती आणि अर्धवट मान्य झाली.

कार्यकर्त्यांनी यातून काय घ्यावे?

१८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांचा मृत्यू झाला. २०२० मध्ये आपण भीमजयंती घरात साजरी केली आणि दीक्षाभूमी व चैत्यभूमीवरची गर्दी टाळली. त्याग आणि शिस्त समाजात आहे. पुढच्या साथीसाठी त्याला तयारीची जोड हवी.

१. वस्तीची यादी आजच करा : एकटे वृद्ध, अपंग, गर्भवती, जुने आजार असलेले, भाडेकरू मजूर, सफाई कामगार.
२. पाणी, शौचालय आणि आरोग्य केंद्राची मागणी साथ नसतानाच लावून धरा. साथीत त्यासाठी वेळ नसतो.
३. विलगीकरण सांगितले की रेशन आणि बुडालेली मजुरी कोण देणार, हे प्रशासनाला विचारा.
४. रुग्णाची जात, धर्म किंवा पत्ता पसरवणाऱ्याला थांबवा.
५. प्रत्येक मृत्यूची नोंद झाली का, ते पाहा. नोंद नसेल तर भरपाई नाही आणि धडाही नाही.
६. बुद्धविहार लसीकरण व तपासणीसाठी खुले ठेवा.

ज्या देशांनी धोका कोणाला जास्त आहे हे आधी ओळखले, त्या माणसांना खरी माहिती दिली आणि घरी थांबण्यासाठी अन्न-पैसा दिला, त्यांनी जीव वाचवले. त्यांनीही ज्यांना हिशेबाबाहेर ठेवले, त्यांच्याच वस्तीतून साथ परत आली. पुढच्या साथीत आपली वस्ती हिशेबात असेल का, हे ती येण्याआधीच्या कामावर ठरेल.