मर्सेडची लिया

अपंग वा सदैव आजारी मुलाच्या घरी मदतीस जाणाऱ्याने प्रथम काय विचारावे, हे शिकण्यासाठी एका परदेशी मुलीची हकिकत जाणून घेण्यासारखी आहे.

लाओसच्या डोंगरांतील ह्मोंग लोक १९७५ नंतर देशोधडीला लागले. त्यांतील पुष्कळ कुटुंबे कॅलिफोर्नियातील मर्सेड गावी येऊन राहिली. अशाच एका घरी १९८२ साली लिया ली जन्मली. तिसऱ्या महिन्यात तिला फेफरे आले. थोरल्या बहिणीने दार धाडकन लावले, त्या आवाजाने लेकराचा जीव भिऊन अंगातून निघून गेला, असे आईबापांचे मत पडले. त्यांच्या भाषेत या दुखण्याचे नाव आहे, ‘भूत धरते आणि माणूस पडते’. ते भयंकर खरे, पण मानाचेही. असा मनुष्य पुढे देवऋषी होऊ शकतो, असा समज. (अंगात येणाऱ्या बाईपुढे नारळ ठेवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटावयाचे कारण नाही.)

इस्पितळातील डॉक्टर निष्णात होते, कळकळीचेही होते. परंतु रात्रीबेरात्री मूल आणावे तर दुभाषा नसे. चार वर्षांच्या आत औषधांची योजना तेवीस वेळा बदलली. जिला बाटलीवरचे अक्षर वाचता येत नाही, तिने हे सारे कसे सांभाळावे? औषधे नीट दिली जात नाहीत म्हणून १९८५ मध्ये लियाला घरातून काढून परक्या कुटुंबात ठेवले. १९८६ मध्ये परत दिले. त्याच वर्षी नोव्हेंबरात मोठा झटका आला, रक्तात जंतुदोषही झाला, आणि मेंदू कायमचा निकामी झाला.

हार्वर्डचे आर्थर क्लाइनमन व त्यांचे सहकारी यांनी १९७८ मध्येच सांगून ठेवले होते की, दुखणाईताला विचारा: या दुखण्याला तुम्ही काय म्हणता? ते कशाने झाले असे वाटते? सर्वांत भय कशाचे? प्रश्न साधे, पण ते दुभाष्यावाचून विचारावयाचे कसे? ॲन फॅडिमन यांनी लियावर लिहिलेले पुस्तक १९९७ साली निघाले व वैद्यक महाविद्यालयांतून वाचले जाऊ लागले. मर्सेडच्याच एका इस्पितळाने पुढे ह्मोंग देवऋषींना रुग्णाच्या खाटेपाशी येऊन विधी करण्याची रीतसर मुभा दिली.

लिया चार दिवसांची सोबतीण, असे डॉक्टरांना वाटले होते. आईबापांनी तिला घरी नेले; न्हाऊ घातले, भरवले, पाठीशी बांधून हिंडवले. ती गेली ३१ ऑगस्ट २०१२ रोजी, वयाच्या तिसाव्या वर्षी.